दोन घरांत वाटलेली मोटार

“इंजिन कोठी हाय याचं?” मी विचारलं.

“इंजिन नाही जी.”

“मंग मी चालू काय करू?”

“मोटार करा ना. चाकं तर आणले सगळे.”

मागं खुर्चीवर बसलेले माझे बाबा खोकले. तो खोकला मला चांगला ओळखीचा होता. हसू दाबायचं असलं की ते असेच खोकायचे.

काउंटरवर एक दुपट्टा पसरलेला होता. त्यावर रबरी टायरची चार चाकं, भोकं पाडलेल्या लोखंडी पत्र्याच्या दोन लांब पट्ट्या, दोन आस, एक पितळी गिअर अन् एक बारकं स्टिअरिंग, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं. समोर उभे होते दामोदरजी, भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर धान्याचं दुकान चालवणारे, भरल्या अंगाचे, पन्नाशीचे गृहस्थ. असा माणूस खेळण्यातल्या मोटारीचा सांगाडा घेऊन उभा राहिला तर कोणालाही हसू येईल. मला मात्र हसू आलं नाही. ते स्टिअरिंग फिरवलं तर पुढची चाकं वळणार हे मला दिसत होतं, अन् माझा जीव तिथंच अडकला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. भंडाऱ्याला बाजाराच्या ओळीत आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला अन् त्यांचा आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, माझ्याकडे आला. लग्न होऊन मी गावातच राहिले होते. सकाळचा स्वयंपाक आटपून दुकानात यायचे. लोक मला घडीवाली बाई म्हणायचे. खुर्ची अन् मालकी बाबांकडेच होती, अन् आवाजावरून घड्याळाचा रोग ओळखायचा मान पण.

दुपारी बाजार पेंगायचा. भिंतीवरची घड्याळं आपापल्या चालीनं टिकटिकत राहायची, उन्हाची पट्टी हळूहळू टेबलावर चढायची, अन् मी खालच्या कपाटातून माझी खेळणी काढायचे. चावीची खेळणी. जवाहरनगरला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरांत देशभरची माणसं राहायची, बदली झाली की मोडकंतोडकं भंगारात टाकून जायची. त्यातून माझ्याकडे ढोल वाजवणारं माकड आलं होतं, चालणारं बदक आलं होतं, शिडाची होडी आली होती. मी ती खोलायचे, एकेक भाग ताटलीत मांडायचे अन् त्यांच्याकडे पाहत बसायचे. हा स्क्रू कुठल्या देशात कोणी पिळला असेल, त्या माणसानं दुपारी जेवताना काय खाल्लं असेल, असं काहीबाही मनात यायचं. बाबा म्हणायचे, “सुमे, तुही तंद्री लागली का दुकानातले घड्याळं सगळे मागं पडतेत.”

पण ही सगळी खेळणी खोलण्यासाठी बनवलेली नसतात. त्यांच्या पत्र्याचे कान आत दुमडलेले असतात, दोनतीनदा उघडले की तुटतात. काही खेळणी मात्र मुद्दाम नटबोल्टवर बसवलेली असतात. पोरानं ती पूर्ण खोलावी अन् पुन्हा जोडावी, हाच त्यांचा खेळ. अशांबद्दल मी फक्त ऐकलं होतं. आता त्यातलं अर्धं खेळणं माझ्यासमोर दुपट्ट्यावर पडलं होतं.

“उरलेली अर्धी कोठी हाय?” मी विचारलं.

“वाटणीत गेली जी. इंजिन, चावी अन् वरची लाल बॉडी लहान्याकडे गेली. सानगडीले.”

“खेळण्याची वाटणी?”

“खुलते ना ते! म्हून झाली.”

मग सगळं निघालं. त्यांचे वडील, ज्यांना घरचे बाबूजी म्हणायचे, सानगडीचे जुने धानाचे व्यापारी. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा बाबूजींनी त्याच्या सामानातून ही मोटार घेतली होती. पुढं बाबूजी थकले, अन् शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावरून दोघा भावांत जुंपली. कोणाच्या धानाला आधी पाणी, यावरून काठ्या निघता निघता राहिल्या. पंच बसले. शेत वाटलं, बैल वाटले, भांडीकुंडी वाटली. मोटारीशी येऊन गाडं अडलं, कारण दोघंही सोडायला तयार नव्हते. शेवटी बाबूजीच म्हणाले, लहानपणी जो जे बसवत होता ते त्याचं. चाकं अन् सांगाडा थोरल्याचा, इंजिन धाकट्याचं. पंचांनी माना डोलावल्या अन् चहा पिऊन उठले.

बाबूजीही वाटले गेले. दिवाळीपासून अक्षयतृतीयेपर्यंत शहापूरला, तिथून पुढच्या दिवाळीपर्यंत सानगडीला.

“आता माह्याकडे हायेत,” दामोदरजी म्हणाले. “दिवाळीपासून दोन घास खातेत अन् ताट सरकवून देतेत. डॉक्टर म्हणते, रोग काही नाही. बाजीवर पडल्यापडल्या असे बोटं फिरवतेत.” त्यांनी हवेत चावी भरून दाखवली. “म्हणतेत, मोटार लाव. कोठून लावू? लोक म्हणतीन, थोरल्याच्या घरी बाप वाळून चालला.” मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “लोकाचं जाऊ द्या जी. मलेच त्यांच्या तोंडाकडे पाहवत नाही. काहीही करा, पण बाबूजी जेवले पायजे.”

“लहान्या भावाकडून इंजिन मागून आणा ना.”

“मी? त्याच्या दारात? मेलो तरी जाणार नाही.”

ते गेल्यावर बाबांनी मला बजावलं, “गिऱ्हाइकाची घडी खोल, घर खोलू नोको.” मी बरं म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

मी कामाला लागले. एक गजराचं घड्याळ बिनकाचेचं पडून होतं. गजराच्या बाजूला वेगळी स्प्रिंग असते, ती काढली. चावीच्या खेळण्याचं सगळं गणित सोपं आहे. चावी भरली की पोलादी पट्टी गुंडाळली जाते अन् ती उलगडताना चाकं फिरतात. अडचण एकच, तिला उलगडायची फार घाई असते. तिला आवर घालायला एक फिरती पात किंवा वजन लावतात, त्याला गव्हर्नर म्हणतात. मी आधी गव्हर्नर न लावताच पाहिलं. मोटार काउंटरवरून सुटली ती थेट बाबांच्या मांडीवर.

“अरे बाप्पा!” बाबा ओरडले. “दिसत नाही म्हून जीव घेतं का?”

मग मी पातळ पत्र्याची पात कापून गव्हर्नर बसवला. आता मोटार शिस्तीत चालायला लागली, भरल्या पोटाच्या बैलासारखी. मी खूश झाले. दुपारभर तिला दुकानात इकडून तिकडे सोडत बसले अन् दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली.

शहापूरला मीच घेऊन गेले. पौषातलं ऊन पडलेलं, अंगणात धान वाळत घातलेलं, सगळीकडे कोंड्याचा वास. बाबूजी बाजीवर पडले होते. अंगावरचं मांस उतरून गेलं होतं, डोळे मिटलेले, अन् उजव्या हाताची बोटं खरंच हवेत फिरत होती. दामोदरजींनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर मोटार सोडली. वाळत्या धानाच्या कडेकडेनं ती किर्र करत निघाली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. कोपरावर उठला, कान खाली केला अन् स्प्रिंग संपेपर्यंत ऐकत राहिला.

“हे आपली नोहोय,” बाबूजी म्हणाले अन् भिंतीकडे तोंड करून निजले.

दामोदरजी घरात गेले ते बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या बायकोनं मला चहा दिला. मी तो कसाबसा प्यायले. इतका मोठा माणूस आत रडत होता अन् सगळं अंगण ते ऐकत होतं.

मोटारीतली माझी स्प्रिंग अन् पात काढून घेऊन मी दुकानात आले अन् बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सोड आता. आपल्यानं होत नाही असं सांगून दे.”

“बाबा, मी सानगडीले जाऊन येते. इंजिन फक्त पाहून येते.”

“पाहून येते? मांजर म्हणे, दूध पाहून येते!”

बाबा चुकीचं बोलत नव्हते. बाबूजींसाठी जीव तुटत होता हे खरं, पण ती मोटार एकदा पूर्ण हातात घ्यावी अन् जमलं तर माझ्याच कपाटात ठेवावी, हेही मनात होतंच.

सानगडीच्या वाटेनं एसटी साकोलीकडे निघाली अन् मला नेहमीसारखी तंद्री लागली. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला तळ्यांना तोटा नाही. सकाळचं धुकं पाण्यावर टेकलेलं, काठाला बगळे, कापून झालेल्या धानाच्या बांध्या रिकाम्या पडलेल्या. ती लाल पत्र्याची मोटार तळ्याच्या पाण्यावरून चालली आहे अन् चाकंही भिजत नाहीत, असं मला कितीतरी वेळ दिसत राहिलं. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं म्हणे.

धाकटा भाऊ केशवराव. थोरल्याच्या अर्ध्या अंगाचा अन् दुप्पट तिरसट. मी कोण, कशाला आले, हे ऐकून त्यानं मला ओसरीतच उभं ठेवलं.

“दामूनं पाठवलं?”

“नाही. मी आपल्या मनानं आली.”

“चाकं इकले असन त्यानं.”

“एकही नाही इकलं. दुपट्ट्यात बांधून ठेवले हायेत, तेलपाणी करून.”

तो आत वळला. मग देवाजवळच्या कोनाड्यातून एक फडकं काढलं. त्यात इंजिन होतं. दोन पत्र्यांमध्ये पितळी गिअर रचलेले, बाजूला चावीचं भोक, मागं फिरकीसारखा गव्हर्नर. त्यानं चावी भरली अन् इंजिन पाटावर ठेवलं. चाकं नाहीत, गाडी नाही, कुठं जायचं नाही, अन् ते आपलं फिरतंय. आधी बारीक आवाज, मग भरदार, मग दमत दमत पुन्हा बारीक. इतकं सुंदर काम मी आजवर फक्त भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांत पाहिलं होतं.

“बाबूजी माह्याकडे असले का मी रोज दुपारी याले चावी भरतो,” केशवराव म्हणाला. “आवाज आयकतेत अन् झोपतेत. कधी कधी विचारतेत, चाकं कोठी गेले?”

म्हणजे इकडे आवाज होता अन् चाकं नव्हती. तिकडे चाकं होती अन् आवाज नव्हता. म्हातारा वर्षभर निम्म्या मोटारीपाशी राहत होता. मी केशवरावाला शहापूरची हकीकत सांगितली, ताट सरकवण्याची अन् हवेतल्या चावीची. त्याचं तोंड उतरत गेलं.

“त्यानं मले काहून नाही सांगतलं?”

“तुम्ही बोलत नाही ना एकमेकांशी.”

“बोलत नाही म्हून बाप मराले सोडाचा का?” तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं. मग इंजिन पुन्हा फडक्यात गुंडाळत म्हणाला, “त्याच्या घरी मी येत नाही. इंजिनही त्याच्या हाती देत नाही. तुमच्या दुकानात येतो. बसवीन तर मीच बसवीन.”

परत येताना मी भंडाऱ्याला न उतरता तशीच पुढं शहापूरला गेले अन् दामोदरजींना निरोप दिला. त्यांनी लगेच मान हलवली. “येतो. पण चाकाले त्याचा हात लागाले नाही पायजे.”

पुढच्या आठवड्यात दोघं आले. दामोदरजींनी बाबूजींना धान्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवून, घोंगडीत गुंडाळून आणलं. माझ्या बाबांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. ती खुर्ची त्यांनी आजवर मलाही दिली नव्हती. मी जमिनीवर सतरंजी टाकली. दोन्ही भाऊ दोन टोकांना बसले अन् आपापली गाठोडी सोडली. बोलणं सगळं माझ्यामार्फत.

“बाई, त्याले सांगजा, इंजिन तिरपं धर.”

“बाई, त्याले म्हणा, मले माहित हाय.”

“मी बहिरी नाही अन् तेही बहिरे नाहीत,” मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

आता या मोटारीतली गोम सांगते. इंजिन सांगाड्यात खालून शिरतं, अन् शिरताना दोन्ही पट्ट्या जरा फाकवून धराव्या लागतात. त्याच वेळी इंजिनाचा गिअर आसावरच्या गिअरात दातात दात बसवून सरकवायचा असतो. दोन हातांत ते मावत नाही. मी पट्ट्या धरायला पुढं झाले तर खुर्चीतून आवाज आला, “तू नोको, बाई.” बाबूजी होते. मी मागं सरले.

दामोदरजींनी पट्ट्या फाकवल्या. केशवरावानं इंजिन घातलं. गिअर घसरला. पुन्हा घातलं, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी एक पट्टी निसटायला लागली अन् दोघंही एकदम ओरडले.

“धर ना रे!”

“तू सोड थोडं, दामू! अजून थोडं!”

“हां, आता घाल.”

खट्. गिअर बसला. आपण बोललो हे दोघांच्या ध्यानीही नव्हतं. डोक्याला डोकं लागलं होतं, बोटं सराईतपणे नट फिरवत होती. एकानं हात पुढं केला की दुसरा न बघता त्यात स्क्रू ठेवत होता. लाल बॉडी वर बसली अन् माझ्यासमोर पूर्ण मोटार उभी राहिली. इतकी देखणी की मी खाली वाकून ती चारही बाजूंनी पाहून घेतली.

चावी बाबूजींच्या हातात दिली. त्यांच्या बोटांत जोर नव्हता. मध्ये थांबत, दम खात त्यांनी ती भरली. कोणी मदत केली नाही, अन् बरं केलं. स्टिअरिंग थोडं वळवून मोटार सोडली. सतरंजीच्या कडेनं ती गोल फिरायला लागली, तो भरदार आवाज दुकानभर झाला अन् भिंतीवरची घड्याळं मला ऐकूच येईनात. माझे आंधळे बाबा मान फिरवून तिच्या मागं मागं जात होते. एक फेरी, दुसरी, मग आवाज बारीक झाला अन् ती बाबूजींच्या पायाशी येऊन थांबली.

“खोला,” बाबूजी म्हणाले.

दामोदरजींचा चेहरा पडला. “काहून बाबूजी? हे तर आपलीच हाय ना.”

“हो. आपलीच हाय. खोला अन् परत बसवा.”

भाऊ एकमेकांकडे पाहायला लागले. मग केशवरावानं पाना उचलला. मोटार खोलली, पुन्हा जोडली. बाबूजींनी चावी भरली नाही, मोटारीकडे तर पाहिलंही नाही. ते पाहत होते त्या दोन डोक्यांकडे. एक टक्कल पडलेलं, एक पिकलेलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. संध्याकाळचा बाजार भरायला लागला, समोरच्या टपरीवरून तळणाचा वास आला अन् म्हातारा म्हणाला, “आलूबोंडा खातो मी.” दोन खाल्ले. दामोदरजी तोंड फिरवून डोळे पुसत होते अन् केशवराव मला दरडावत होता, “पाणी द्या ना बाई, पाहता काय!”

मोटार विकत मागायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते मी पाण्याबरोबर गिळून टाकलं.

जाताना दोघांनी आपापलं गाठोडं बांधलं. समेट वगैरे झाला नाही. बोडीच्या पाण्याचं भांडण तसंच राहिलं, अन् त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत. फक्त पुढच्या अक्षयतृतीयेला बाबूजींना देण्याघेण्याचं ठिकाण म्हणून दोघांनी आमचं दुकान ठरवलं. तेव्हापासून वर्षातून दोनदा हे तिघं यायचे. सतरंजी पडायची. धर, सोड, फिरव, बस, एवढंच बोलणं. मोटार फिरायची, बाबूजी जेवायचे अन् पुढच्या घरी जायचे. अशी बरीच वर्षं गेली.

एका पावसाळ्यात, सानगडीला, बाबूजी झोपेतच गेले. दोघा भावांनी मिळून सगळं केलं असं कानावर आलं. मला वाटलं, आता मोटारीचं काम संपलं.

दिवाळी झाली. दुपारी मी तंद्रीतच होते तर दारात दामोदरजी. हातात तेच गाठोडं. मागोमाग एसटीतून उतरून केशवराव. माझ्या बाबांनी आवाज ओळखले अन् विचारलं, “आता कोणाले न्याचं हाय?”

“कोणालेच नाही जी,” दामोदरजी म्हणाले. “दिवाळी झाली ना. मोटार बसवाची बारी असते.”

केशवरावानं सतरंजी स्वतःच ओढून घेतली. “बस दामू,” तो म्हणाला. “उजेड जाते मंग.”

त्या मोटारीत मी आजपर्यंत एकही भाग बदलला नाही. आमच्या धंद्यात याला दुरुस्ती म्हणत नाहीत. पण तेव्हापासून कोणी बंद पडलेली वस्तू घेऊन आलं की मी आधी विचारते, हे चालू होतं तेव्हा याच्याजवळ कोण कोण बसत होतं? लोक मला येडी समजतात. समजू देत. निम्मा बिघाड तिथंच सापडतो.